ज्या भावाला द्यायचं नाही, तो भाव पुकारू नये

रविवारी रात्री दहाच्या ठोक्याला एका शिवराईचा ऑनलाइन लिलाव संपला. तांब्याचं नाणं, एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. शिवराई गोळा करणाऱ्यांना ठाऊक असतं की ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे बहुतेक नाण्यांवर एखादं अक्षर तरी कापलं गेलेलं असतं. या नाण्यावर 'श्री राजा शिव' तिन्ही ओळींत पूर्ण दिसत होतं आणि कडेच्या ठिपक्यांचं वर्तुळही निम्म्याहून जास्त शाबूत होतं. सुरुवात १ रुपयापासून. चार दिवसांत २३ बोल्या लागल्या आणि शेवटची बोली ६४० रुपयांवर थांबली. त्याआधीची ६२०ची बोली माझी होती. सव्वादहाला विक्रेत्याचा निरोप आला : 'अपेक्षित भाव न आल्यामुळे लिलाव रद्द.'

त्यावरून नाणी गोळा करणाऱ्यांत जो वाद पेटला तो आठवडाभर विझला नाही. एका बाजूचं म्हणणं, माल त्याचा, मर्जी त्याची. घरचं नाणं मातीमोलाने द्यायची कुणाला सक्ती आहे का? दुसरी बाजू म्हणत होती की विक्रेता लबाड आहे, त्याच्याकडून कुणी काही घेऊ नये आणि १ रुपयापासून सुरू होणारे लिलाव बंदच करावेत. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलत होते आणि माझ्या मते दोघांचाही नेम चुकत होता. सुरुवातीची किंमत कमी असावी की जास्त, हा मुळात वादाचा विषयच नाही. सुरुवातीची किंमत हा विक्रेत्याने चारचौघांत दिलेला शब्द असतो : निदान एवढ्याला मी देईन. १ रुपया लिहिला तर १ रुपयाला द्यायची तयारी हवी. ती नसेल तर पाचशे लिहावेत, हजार लिहावेत, नाहीतर राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली माल देणार नाही असा भाव, आहे असं आधीच सांगावं. यातलं काहीच न करता लिलाव पुरता होऊ द्यायचा आणि आकडा बघून मग देण्या-न देण्याचा विचार करायचा, हे कुणीही चालवून घेऊ नये.

'माल त्याचा, मर्जी त्याची' हे पुण्याच्या जुन्या बाजारात अगदी खरं आहे. बुधवारी किंवा रविवारी तिथे फडक्यावर मांडलेली नाणी चाळताना मी कितीदा तरी घासाघीस केली आहे. तो आठशे म्हणतो, मी तीनशे म्हणते, तो मान हलवतो, मी उठून दोन पावलं जाते, तो हाक मारतो किंवा मारत नाही. दोघांनाही शेवटपर्यंत नाही म्हणायची मुभा असते आणि दोघांनाही ते माहीत असतं. लिलावाची गोष्ट निराळी आहे. लिलाव मांडणारा माणूस भाव ठरवण्याचं काम आपल्या हातून सोडून बोली लावणाऱ्यांवर सोपवतो, आणि त्याबदल्यात त्याला गर्दी मिळते. १ रुपया बघून जे वीस जण थबकतात ते हजार बघून थबकले नसते. एकदा बोली लावली की माणसाचा जीव त्या नाण्यात अडकतो. तो रात्री झोपताना पुन्हा डोकावतो, कुणी आपल्यावर चढ केला की आणखी पन्नास टाकतो. ही ओढ विक्रेत्याने १ रुपयाची जोखीम पत्करून कमावलेली असते. गर्दी ठेवून घ्यायची आणि जोखीम तेवढी परत करायची, यात मालकीहक्क कुठे आला?

रद्द झाल्याने कुणाचं काय बिघडलं, असंही काही जणांनी विचारलं. माझ्यापुरता हिशेब सांगते. त्याच रात्री, त्याच वेळेला दुसरीकडे एका चांदोडी रुपयाचा, म्हणजे जुन्या चांदीच्या नाण्याचा, लिलाव संपत होता. महिन्याला नाण्यांवर किती खर्च करायचा हे मी ठरवून ठेवलेलं असतं, त्यामुळे शिवराईकडे लक्ष ठेवून मी तिकडे हात आखडता घेतला. तो रुपया दुसऱ्या कुणाला गेला. ६४० लावणाऱ्याने आणखी कुठे काय सोडलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. विक्रेत्याला मात्र त्या चार दिवसांत बरंच काही मिळालं. २३ बोल्यांमधून त्याला फुकटात कळलं की या नाण्यासाठी किती जण उत्सुक आहेत आणि कोण कुठपर्यंत जाऊ शकतो. सोमवारी सकाळी मला त्याचा खाजगी निरोप होता : '९००ला घेता का?' मी नाही म्हटलं. लिलावाचा उपयोग फक्त भाव काढायला आणि गिऱ्हाइकं हेरायला करायचा, असाच त्याचा अर्थ झाला.

कायद्याची बाजूही या वादात अर्धवट मांडली गेली. कुणीतरी म्हणालं, हातोडा पडेपर्यंत सौदा पुरा होत नाही. बरोबर आहे. आपल्या १९३०च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ तसंच सांगतं. पण त्याच कलमात, हातोडा पडून 'किंवा अन्य रूढ रीतीने' विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर होतं, असं आहे. ऑनलाइन लिलावात हातोडा कुठे असतो? तिथे घड्याळ असतं. 'रविवार, रात्री १०' असं विक्रेत्यानेच लिहिलेलं असेल आणि सगळे त्याच समजुतीने बोली लावत असतील, तर दहाचा ठोका हाच त्या बाजाराचा रूढ हातोडा. दहाच्या आत त्याने नाणं मागे घेतलं असतं तर मी नाराज झाले असते, पण हा लेख लिहिला नसता. सव्वादहाला मागे घ्यायला काही उरलेलं नसतं. त्याच कलमात राखीव किमतीचीही सोय आहे, मात्र ती तशी सांगितलेली असावी लागते. विक्रेत्याला स्वतःचं संरक्षण करायचा मार्ग ९०हून अधिक वर्षं कायद्यात आहे. तो वापरायचा तर लिलाव सुरू होण्याआधी.

परदेशातल्या न्यायालयांपुढे याच जातीचे प्रश्न गेले आहेत. जर्मनीत एकाने आपली जुनी फोक्सवागन पसाट ईबेवर १ युरोपासून लिलावाला काढली, राखीव किंमत ठेवली नाही, आणि बाहेर ४,२०० युरोंचं गिऱ्हाईक मिळाल्यावर लिलाव मध्येच बंद केला. तोवर एकाची बोली लागलेली होती. त्याने आपली कमाल मर्यादा ५५५.५५ युरो ठेवली होती आणि बोली १ युरोवरच होती. गाडी ५,२५० युरोंची होती. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ मध्ये बोली लावणाऱ्याचा ५,२४९ युरोंच्या भरपाईचा हक्क मान्य केला. कारण साधं होतं : १ युरोची सुरुवात विक्रेत्याने स्वतः निवडली, जोखीम त्याने ओढवून घेतली, आणि स्वस्तात मिळण्याची शक्यता हेच तर अशा लिलावाचं आकर्षण असतं. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात एका जुन्या विरावे विमानाची दीड लाख डॉलरांची किमान बोली पुरी झाल्यावर विक्रेता फिरला, कारण दुसरा कुणी एक लाख डॉलर जास्त देत होता. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयाने विमान बोली लावणाऱ्याला द्यायला सांगितलं. इंग्लंडमधला २०००चा निकाल तर ऑनलाइन लिलावाचाही नाही. प्रत्येकी १४,००० पौंडांची दोन कोरी यंत्रं राखीव किंमत न ठेवता पुकारली, एकानेच प्रत्येकी २०० पौंड लावले, आणि पुकारणाऱ्याने माल मागे घेतला. त्याला २७,६०० पौंड भरावे लागले. हे निकाल आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण तीन देशांतले न्यायाधीश वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले, हे 'मर्जी त्याची' म्हणणाऱ्यांनी डोळ्यांआड करू नये.

आता विक्रेत्याच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. ऑनलाइन लिलावात भाव नशिबावर जातो. त्या रात्री सण असेल, सामना असेल, दोन खरे जाणकार प्रवासात असतील, तर हजाराचं नाणं दोनशेला जातं, आणि त्यात विक्रेत्याचा काही दोष नसतो. हे शंभर टक्के खरं आहे आणि मी ते भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे जास्तीचा झालेला एक अंकुशी रुपया, मराठेशाहीतलं चांदीचं नाणं, मी १ रुपयापासून लावला. भारताचा सामना त्याच रात्री आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बोली ५६०वर थांबली. अकरा ग्रॅमच्या आसपास वजनाचा तो रुपया मोडीत घातला असता तरी तेव्हाच्या चांदीच्या भावाने सातशेच्या वर गेले असते. वाईट वाटलं, खूप वाटलं. सकाळी तो छोट्या पाकिटात घातला, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बसवला, चिकटपट्टी लावली आणि स्पीड पोस्टाने पाठवून दिला. तेव्हापासून मी वेळ नीट निवडते, आणि जे नाणं कमी भावात गेल्यास झोप लागणार नाही त्याची सुरुवात माझ्या किमान भावापासूनच करते. नशिबाचा फेरा खरा असेल तर त्यावरचे उपायही लिलावाआधीचे आहेत. शिवाय नशीब उलटंही फिरतं. दोन हट्टी माणसं एकमेकांवर चढत गेली आणि पाचशेचं नाणं तीन हजारांना गेलं, तर कुठला विक्रेता म्हणतो की अपेक्षेपेक्षा जास्त भाव आला म्हणून लिलाव रद्द?

दुसरं म्हणणं याहून हळवं आहे. नवरा गेल्यावर त्याचा संग्रह विकायला काढणारी बाई. तिला नाण्यांतलं काही कळत नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून तिने १ रुपया लिहिला. तिलाही शब्दाला बांधायचं का? इथे मी थोडी थांबते, कारण नियम राबवताना माणूस हरवू नये. मी त्या लिलावात जिंकले असते तर तिला नाण्याची खरी किंमत सांगितली असती आणि सौदा सोडला असता. पण सोडणं हे घेणाऱ्याच्या हातात असतं, त्याच्यावर ते लादता येत नाही. आणि अशा बाईच्या आडून जाणते विक्रेते आपली सुटका करून घेतात, हा मुख्य त्रास आहे. आमच्या शिवराईवाल्याने वर्षभरात डझनावारी लिलाव केलेले होते. त्याला १ रुपयाचा अर्थ पुरता ठाऊक होता.

तिसरं म्हणणं एका मित्राने मांडलं आणि त्याने मला खरंच विचारात पाडलं. तो म्हणाला, लासलगावला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन येतो, व्यापारी बोली लावतात, आणि भाव पटला नाही तर शेतकरी 'द्यायचा नाही' म्हणून कांदा परत नेऊ शकतो. १४ एप्रिल २०१६ला सुरू झालेल्या ई-नाममध्ये, म्हणजे शेतमालाच्या सरकारी ऑनलाइन बाजारातसुद्धा, सर्वांत वरची बोली नाकारायचा हक्क शेतकऱ्याला आहे. मग नाणेवाल्यालाच का नको? प्रश्न चोख आहे. उत्तर असं की बाजार समितीत सुरुवातीचा भाव शेतकरी पुकारत नाही, पहिली बोली व्यापाऱ्याची असते. नकाराचा हक्क तिथे नियमातच आहे, उघड आहे, बोली लावणारा प्रत्येक व्यापारी तो गृहीत धरूनच आकडा बोलतो. आणि तो हक्क ज्याला दिला आहे त्याचा माल सडणारा आहे, परत न्यायचं भाडं त्याच्याच डोक्यावर बसणार आहे; नकार त्याला स्वस्तात पडत नाही. नाणेवाल्यालाही नकार राखून ठेवायचा असेल तर तेवढंच करावं, आधी सांगावं. 'शेवटच्या बोलीला विक्रेत्याची मंजुरी लागेल' ही एक ओळ लिहायला काय लागतं? लिहीत नाहीत, कारण ती ओळ वाचली की निम्मी गर्दी पांगते. कांद्याच्या लिलावाला दुसरी बाजूही आहे. भाव फुटल्यावर, ट्रॉली खाली होताना 'आत माल हलका निघाला' म्हणून व्यापारी भाव पाडतो, तेव्हा शेतकरी का खवळतो? त्याला पुकारलेला भाव हा शब्दच वाटतो म्हणून. माझ्या मित्राने त्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून पाहावं. मग लिलाव रद्द करणारा आपला विक्रेता त्याला शेतकऱ्यासारखा वाटणार नाही, त्या व्यापाऱ्यासारखा वाटेल.

१ रुपयाची सुरुवात बंद करा म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. सुरुवात चढी ठेवली की सगळं ठीक होतं, हा समज सरकारनेच मोडून दाखवला आहे. मोबाइल सेवेसाठीच्या ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव २०१६ मध्ये निघाला तेव्हा देशभरासाठी राखीव किंमत मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, तरी कुणी फिरकलं नाही. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केल्यावर एका कंपनीने घेतल्या. सहा वर्षं त्या लहरी तशाच पडून राहिल्या. पण या सगळ्यात सरकारने एक गोष्ट नीट केली होती : किंमत काय आहे ते उघड सांगितलं होतं. कंपन्यांनी ती वाचली, परवडत नाही म्हणून त्या आल्या नाहीत, कुणाची फसगत झाली नाही. चढी किंमत हा व्यवहारातला चुकीचा अंदाज असू शकतो, शब्द फिरवणं नव्हे. म्हणून १ रुपयावर बंदी नको. ज्याच्यात धमक आहे त्याने जरूर १ रुपयापासून लावावं. बाजारात नवखी मुलं याच लिलावांमुळे येतात, मीही तशीच आले.

धमक नसताना १ रुपया लिहिणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात : शेवटी नाकारणं, नाहीतर मधेच आपल्याच माणसाकडून बोली चढवून घेणं. दुसरी वाट जास्त वापरात आहे असा माझा अनुभव आहे, कारण ती दिसत नाही. आपलं कलम ६४ इथेही स्पष्ट आहे; खोट्या बोलीने भाव चढवला तर तो सौदा घेणाऱ्याला रद्द करता येतो. जर्मन न्यायालयाने २०१६ मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं. विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच फोक्सवागन गोल्फवर बोल्या लावत गाडी १७,००० युरोंवर नेली होती. न्यायालयाने त्याच्या सगळ्या बोल्या पुसल्या, तेव्हा खरी वरची बोली उरली १.५० युरो, आणि गाडी तेवढ्याला विकली गेली असं धरून भरपाई द्यायला लावली. हे वाचून ज्यांना विक्रेत्याची कीव आली, त्यांनी त्या लिलावात बोली लावत राहिलेल्या माणसाच्या बाजूनेही एकदा विचार करावा.

आणि घेणाऱ्यांचं काय? हा प्रश्न या वादात कुणी काढलाच नाही, कारण वाद घालणारे बहुतेक घेणारेच होते. बोली लावून पैसे न भरणं हे विक्रेत्याच्या नकाराइतकंच वाईट आहे. २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या कोटखाईत स्कूटीच्या एका पसंतीच्या क्रमांकाचा ऑनलाइन लिलाव १,००० रुपयांवरून सुरू होऊन कोटीच्या वर गेला, आणि सर्वांत वरची बोली लावणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. आकडा बोलायला काही लागत नाही म्हटल्यावर असंच होणार. १६३७च्या फेब्रुवारीत नेदरलंड्समधल्या हार्लेममध्ये ट्युलिप फुलांच्या कंदांचे सौदे कोसळले तेव्हा कंद जमिनीत होते आणि बाजार नुसत्या बोलण्यावर चालला होता. घेणाऱ्यांनी पाठ फिरवली, आणि पुढच्या वर्षी ३.५ टक्के भरून सुटका, असा तोडगा निघाला. शंभराचा शब्द साडेतीनात मोडायची सोय झाली. आपल्याकडे बँका तारण मालमत्तेचा ई-लिलाव करतात तेव्हा राखीव किंमत नोटिशीत छापतात आणि जिंकणाऱ्याकडून २५ टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी घेतात. उरलेले मुदतीत भरले नाहीत तर ते २५ टक्के जप्त, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हा नियम उचलून धरला. नाण्यांच्या लिलावात इतकं कडक काही शक्य नाही. पण एकदा पैसे बुडवणाऱ्याला पुढच्या लिलावात आगाऊ रक्कम मागायची, एवढं सहज करता येईल.

लिलाव हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, पण रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. गोव्यातल्या देवळांत देवापुढच्या वस्तूंची पावणी, म्हणजे लिलाव, होते तेव्हा नारळाची बोली हजारात जाते. तिथे करार नसतो, घड्याळ नसतं. बोली बोलणारा कोण, कुठल्या वाड्यावरचा, हे सगळ्या गावाला माहीत असतं, आणि पुकारणाऱ्यालाही गावातच राहायचं असतं. पडद्याआड बसून बोली लावताना ते गाव आपल्या आसपास नसतं. म्हणून ज्या गोष्टी तिथे न लिहिता चालतात त्या इथे लिहाव्या लागतील : राखीव किंमत आहे की नाही, लिलाव नेमका कधी संपणार, पैसे किती दिवसांत, टपालखर्च कुणाचा. चार ओळींचं काम आहे.

तीन आठवड्यांनी तीच शिवराई पुन्हा लिलावाला आली. विक्रेता तोच. या वेळी त्याने लिहिलं होतं : सुरुवात ८०० रुपये, राखीव किंमत नाही. पाच दिवसांत एकच बोली लागली, माझी. रविवारी दहा वाजून दोन मिनिटांनी त्याने खाते क्रमांक पाठवला आणि गुरुवारी पाकीट दारात होतं. नाणं भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं की 'छत्रपति'मधला 'ति' फोटोत वाटला होता त्यापेक्षा जास्त कापला गेला आहे. ८०० रुपये मी बोलले होते, तेवढे दिले.